पुसण्याआधीचा प्रश्न

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आजपासून माऊस बंद. ड्रॉवरमध्ये टाकला, वर रुमाल. हात कीबोर्डवरून उचलायचाच नाही — फाइल उघडायची, शोधायची, बदलायची, सगळं बोटांनी. कॅप्स लॉकचं बटण फुकट जागा अडवून बसलं होतं, त्याला एस्केपचं काम दिलं. लांबलचक आज्ञांना दोन-दोन अक्षरांची टोपणनावं दिली. टर्मिनलची काळी खिडकी आता माझी वाटते. फोल्डरचं नाव हिरव्यात येतं, काही चुकलं की लाल बाण.

दिवसाचं काम जेवायच्या आत संपलं. रेवणसिद्ध सर मागं उभे राहून बघत होते. "शिवा, हात हाईत का मशीन?" कंपनी त्यांची, लातुरात दोन खोल्या, माणसं मोजकी. सरांनी कौतुक केलं की सगळ्यांना ऐकू जातं. खोटं कशाला लिहू — दिवसभर ते वाक्य चघळत बसलो होतो.

बुधवार, ८ जानेवारी

एडिटरचा रंग बदलला. परत बदलला. पहिलाच बरा होता.

शुक्रवार, १० जानेवारी

वर्षाराणीची आज गंमत केली.

ही मुरुडची, रोज एसटीनं ये-जा करते. आवाज गोळा करायचं काम तिचं. शेतकऱ्यानं फोन लावून तोंडी विचारलं, फवारणी करू का, पाऊस हाय का, तर मशीनला ते कळलं पाहिजे. पण मशीनला पुण्याची मराठी कळते, आपली कळत नाही. म्हणून ही चाकूर, मुखेड, कुठं कुठं जाते, लोकांना बोलतं करते आणि आवाज सर्व्हरवर आणून ठेवते. त्यात काही खराब निघतात — मधेच ट्रॅक्टर गेला, कुत्रं भुंकलं. ते पुसावे लागतात.

तर हिची रीत बघा. ही अख्खं फोल्डरच पुसायची आज्ञा देते! मग मशीन एकेका फाइलचं नाव घेऊन विचारतं, पुसू का? चांगल्या आवाजाला ही 'नाही' म्हणते, खराबाला 'हो'. तांदूळ निवडल्यासारखं चालतं. हा प्रश्न महादेवप्पा काकांनी घालून ठेवलेला. काका इथले सगळ्यात जुने, सर्व्हर त्यांनीच उभा केला. आणि सर्व्हरवर आम्ही सगळे एकाच नावानं आत जातो, त्यामुळं हा प्रश्न सगळ्यांच्याच वाट्याला.

मी म्हणालो, "मॅडम, आधी सगळ्यांना फाशी सुनवायची, मग एकेकाला माफी द्यायची, असं झालं हे." काका हसले. ती पण हसली. म्हणाली, "सर, मला असंच जमतंय. नाव वाचलं की ते मानूस आठवतंय."

बुधवार, १५ जानेवारी

संक्रांतीला चाकूरला जाऊन आलो. आईनं तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या. अण्णांनी लग्नाचा विषय काढला — तीस पुरी झाली, आता कुणाची वाट बघायलास? मी मोबाइल बघत हं हं केलं.

ऑफिसात मात्र मोठं काम उरकलं. सर्व्हरवर गेलं की माझी टोपणनावं चालत नव्हती, हात अडखळायचे, चिडचिड व्हायची. शेवटी माझी सेटिंगची फाइल तिथल्या फाइलवरच आणून टाकली. आधीच्या फाइलमध्ये काय आहे ते बघितलं होतं. प्रश्न विचारायला लावणारी काकांची ती ओळ त्यात होती. घेतली नाही. दिवसातून दहा वेळा 'पुसू का' ला 'हो' म्हणत बसायचं कशाला? मला काय पुसायचंय ते मला ठाऊक असतं.

आता माझ्या मशीनवर आणि सर्व्हरवर एकच चाल. लोण्यातून सुरी गेल्यासारखं. बाकीच्यांना सांगायचं राहिलं. उद्या सांगतो.

शुक्रवार, १७ जानेवारी

राहिलं ते राहिलंच.

अकराच्या सुमाराला वर्षाराणी नुसती "सर" म्हणाली. आवाज असा की सगळेच उठले. तिनं नेहमीसारखी आज्ञा दिली होती आणि प्रश्नाची वाट बघत बोट 'नाही'वर ठेवून बसली होती. प्रश्न आलाच नाही. दसऱ्यापासूनचे एकशे सत्त्याऐंशी माणसांचे आवाज गेले. टर्मिनलमध्ये पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, तिथून परत काढता येत नाही.

सरांनी बॅकअपची डिस्क जोडली. ती दसऱ्यालाच भरून बंद पडलेली, कुणी बघितलंच नव्हतं. रेकॉर्डर वर्षाराणी प्रत्येक फेरीनंतर रिकामा करते, नाहीतर पुढच्या गावाला जागा उरत नाही.

आता खरं लिहायचं ते. सगळे तिच्या टेबलाभोवती होते. मी माझ्या जागेवर आलो आणि काकांची ओळ परत घातली. पाच सेकंद लागली असतील. मग आपण दिलेल्या आज्ञांची यादी मशीन ठेवतं, ती पण साफ केली. हातांनी आपोआप केलं असं लिहिणार होतो. तसं नव्हतं. मी विचार करून केलं, आणि मान वळवून कुणी बघत तर नाही ना, हेही बघितलं.

ती रडत होती. मी तिला पाणी आणून दिलं.

शनिवार, १८ जानेवारी

बोललो नाही.

सोमवार, २० जानेवारी

मीटिंग. वर्षाराणी एकच म्हणत होती, "काका, त्यानं विचारलंच न्हाई." काका तिच्या मशीनवर बसले, रिकामी फाइल तयार केली, पुसायची आज्ञा दिली. मशीननं विचारलं — पुसू का? काकांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, त्याचंच वाईट वाटलं. "विचारतंय की गं माय. घाईत हो-हो दाबत गेली असशील."

"न्हाई काका. विचारलंच न्हाई."

सर माझ्याकडं वळले. "शिवा, तुझा हात सगळ्यात साफ. तू सांग, असं हुतंय का?"

मी म्हणालो, "असं होत नाही सहसा."

सहसा! काय शब्द शोधला. उद्या कुणी पकडलंच तर निसटायला फट ठेवली. असला माणूस मी आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

खबरदारी म्हणून काकांनी सर्व्हरवरची सेटिंगची फाइल तिथल्या तिथं नव्यानं लिहून टाकली. म्हणजे मी कधी काय बदललं त्याची उरलीसुरली खूण पण गेली. मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

सरांनी तिला फेब्रुवारीअखेरपर्यंत वेळ दिला. एकशे सत्त्याऐंशी आवाज परत आले तर ठीक, नाहीतर दुसरं माणूस बघणार. ती निघताना काकांना सांगत होती, ही नोकरी गेली तर बाबा परत लातूरच्या बसला बसू देणार नाहीत. घरात त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतंच. आईनं भांडून तिला धाडलंय.

बुधवार, २२ जानेवारी

जेवताना वर्षाराणी म्हणाली, "सर, दाबलंच असंल मी. पहाटं पाचला उठून निघते, डोळं झापडायलेत कधीकधी. मशीन कशाला खोटं बोलंल?"

डबा तसाच परत आणला.

शुक्रवार, २४ जानेवारी

सरांना पत्र लिहायचं ठरवलं. समोरासमोर जमणार नाही, लिहून जमेल. एडिटर उघडला. मराठी अक्षरं वेडीवाकडी दिसत होती, म्हणून आधी फॉन्ट बदलला. मग ओळींमधलं अंतर. मग वाटलं, पत्रासारख्या मजकुराला कोडचा रंग कशाला, वेगळी सेटिंग असावी. दोन तासांनी सेटिंग अशी झाली की बघत राहावं. पत्रात एकच शब्द होता — 'आदरणीय'.

जतन न करता बंद केलं.

सोमवार, २७ जानेवारी

सरांना म्हणालो, रविवारी मी वर्षाराणी मॅडमबरोबर गावांना जातो, दोघं असलो की काम दुप्पट होईल. सरांनी पाठीवर थाप मारली. काका म्हणाले, "याला म्हणत्यात मानूस." वर्षाराणीचे डोळे भरून आले.

मला वाटलं होतं थोडं हलकं वाटेल. उलट झालं.

रविवार, २ फेब्रुवारी

चाकूर. माझंच गाव, म्हणून म्हटलं सुरुवात इथून. लोक ओळखीचे, पटापट बोलतील.

पहिलेच बजरंग काका, टेलरिंगचं दुकान आहे त्यांचं. ते वर्षाराणीला म्हणाले, "बाई, मागल्या टायमाला अर्धा घंटा बोललो की तुमच्यासंगं. ते कुठं गेलं?"

ती हात जोडून म्हणाली, "काका, माझ्या हातून पुसलं गेलं. चुकी माझी हाय. एकडाव परत बोला."

मी शेजारी रेकॉर्डर धरून उभा होतो.

दिवसभरात सव्वीस माणसं. सव्वीस वेळा तेच. काही हसले, एक बाई चिडली — आम्हाला काय कामंधंदे न्हाईत व्हय. प्रत्येक दारात ती माझी चूक तिची म्हणून सांगायची आणि मी रेकॉर्डरचा दिवा लागलाय का ते बघत असायचो. दिवा लागलेलाच असायचा.

घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. गेलो नाही. अण्णांनी विचारलं असतं, ही कोण. गावात काय, विचारायला अण्णाच कशाला पाहिजेत, स्टँडवर चहा पिताना चार जणांनी वळून बघितलंच. मुरुडचा एक जण पण होता, तिच्या ओळखीचा.

येताना एसटीत शेजारी बसलो. ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मला बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवतो, नाहीतर या वहीचा उपयोग काय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तिच्या आईनं, तारामतीबाईंनी, माझ्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली. "माझ्या लेकीच्या मागं देवासारखे हुभे राहिलात म्हणून सांग," असा निरोप.

धपाटे चांगले होते. चार खाल्ले. लाज वाटत होती आणि खात होतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

मुखेडला गेलो होतो. आज झालं ते सगळं लिहितो.

यादीत दानम्मा म्हणून एक आजी होती. वर्षाराणी सांगत होती, नोव्हेंबरात गेले तेव्हा आजीनं तासभर सोडलं नाही, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलली, मशीनला वेड लागंल असं बोलली. घरी गेलो तर दारात तिचा मुलगा संगप्पा. आजी डिसेंबरात गेली.

आम्ही निघणार तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा. तिचा आवाज हाय की तुमच्यापाशी. फोटो हाय आमच्याकडं, आवाज कुठंच न्हाई. एकडाव ऐकवा. पोराबाळांना बोलावतो." आणि त्यानं आत हाक मारली. बायको आली, दोन मुली आल्या, त्यातली एक सतरंजी टाकायला लागली.

वर्षाराणी खाली बसली. म्हणाली, "दादा, माझ्या हातून पुसला."

सतरंजी टाकणारी मुलगी तशीच थांबली. मग संगप्पा म्हणाला, "असू द्या. तुम्ही तरी काय मुद्दाम केलं का?" त्यानं आम्हाला चहा पाजला. मी तो चहा प्यायलो. तिथंच, त्या घरात, बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, साखर बरोबर आहे.

परतीच्या एसटीत बोललो. तिकीट काढून झाल्यावर, तिच्याकडं न बघता. "मॅडम, तो प्रश्न मी काढला होता. सर्व्हरवरचा. मला घाई व्हायची म्हणून."

ती माझ्याकडं वळली. मग विचारलं, "कधी काढला?"

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी."

"परत कधी घातला?"

"तुम्ही रडत होतात तेव्हा."

मला वाटलं मारेल, शिव्या देईल. मला ते चाललं असतं. चाकूर आल्यावर ती म्हणाली, "म्हंजे मी येडी न्हवते." मग पुन्हा, स्वतःशीच, "त्यानं विचारलंच न्हवतं."

नंतर म्हणाली, "उद्या सगळ्यांपुढं सांगा. मला माफी-बिफी नको. तेवढं सांगा." आणि उठून पुढं एका म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली.

सोमवार, १० फेब्रुवारी

सांगितलं! सर, काका, सगळ्यांसमोर, उभं राहून. ओळ काढली, परत घातली, यादी साफ केली, सगळं.

सर ऐकता ऐकता हसायला लागले. "शिवा, बस खाली. मन मोठं हाय तुझं. पण कामून अंगावर घ्यायलास?"

मी म्हणालो, खरं आहे. सरांनी काकांना बघायला सांगितलं. काय सापडणार? आज्ञांची यादी कोरी. सेटिंगच्या फाइलवर काकांचीच तारीख. काका चष्मा काढून म्हणाले, "लेकरा, तू एवढं हुशार पोरगं, असली चूक करशील व्हय? पोरीची नोकरी वाचावी म्हणून बोलायलास. कळतंय आम्हाला."

वर्षाराणी म्हणाली, "सर, ते खरं बोलायलेत."

"हो, हो, बाई," सर म्हणाले, आणि दोघांकडं असं बघून हसले की ती लाल झाली आणि जागेवर जाऊन बसली. मुदत तीच, फेब्रुवारीअखेर.

खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं. आता खरं बोलतोय तर मी देवमाणूस. पुरावा मागायला गेलो तर तो मीच नीट, हात स्वच्छ ठेवून पुसलेला. माझं आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम तेच निघालं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ती आली नाही. फोन बंद.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज पण नाही. काका चहा पिताना म्हणाले, "काय मग, पेढे कवा?" मी म्हणालो, काका, तसं काही नाही. ते म्हणाले, असंच म्हणत्यात सगळे.

टर्मिनलमधली सगळी टोपणनावं काढून टाकली. लांब आज्ञा पूर्ण लिहीत बसलो. दोनदा चुकल्या. माऊस बाहेर काढला. काही फरक पडला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दुपारी तिचा फोन आला, आईच्या मोबाइलवरून, हळू आवाजात.

मुरुडात गेल्या आठवड्यात कुणीतरी तिच्या वडिलांच्या, किशनरावांच्या कानावर घातलं — तुमची पोरगी रविवारी एका पोराबरोबर चाकूरच्या स्टँडवर चहा पीत होती. त्यावर ऑफिसातल्या कुणीतरी तिखटमीठ लावलं की त्या पोरानं हिची चूक स्वतःच्या अंगावर घेतली. बुधवारपासून तिला घराबाहेर पडू दिलेलं नाही.

"तुम्ही उद्या घरी या. बाबांपुढं बसून सांगा, चूक तुमची होती म्हणून तुम्ही मदत करायलात, दुसरं काही न्हाई. ते दुसरं काही न्हाई, तेवढं नीट सांगा. एवढं झालं तर सोमवारी मी बसला उभी राहीन. अजून पंच्याण्णव आवाज बाकी हाईत, हुतील."

येतो म्हणालो. काय बोलायचं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलंय. अकरा वाक्यं झाली. मोठ्यानं वाचून बघितली. शेवटचं वाक्य तीन वेळा वाचलं: 'आमच्यात दुसरं काही नाही.' या खेपेला करीन. एवढं तरी करीन.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुरुड. ओसरीवर किशनराव, आणि त्यांच्या शेजारी माझे अण्णा, नवी टोपी घालून! सकाळीच चाकूरहून बोलावून घेतलेले.

मी सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य सोडून सगळं. किशनरावांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्या पोरीपायी एवढं अंगावर घेतलंत, अजून काय बघायचं असतं? पाहुणे आपल्यातलेच हाईत. तिचा राजीनामा मी कालच धाडलाय."

वर्षाराणी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन आली. माझी बशी देताना तिनं माझ्याकडं बघितलं. नाही म्हणा, एवढंच होतं त्या बघण्यात, आणि ते मला कळलं.

अण्णांनी वाकून विचारलं, "पसंत हाय न्हवं?"

मी पोहे खाल्ले.